काळी पाच

"आधी तो पडदा ओढ," दिगंबरमास्तर म्हणाले, "आणि जवळ ये. शेजारचे आजोबा झोपल्याचं सोंग करतात आणि सगळं ऐकतात."

मी खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढला. मास्तरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि गळ्यातल्या झोळीत अडकवलेला होता. सकाळी लॉजच्या न्हाणीघरात पाय घसरून पडले, मनगट मोडलं. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि म्हणाले, आज काही सोडत नाही. आणि आज दुपारी मिरजेत आमच्या कंपनीचा प्रयोग. संगीत नाटक, आणि ऑर्गनवाला खाटेवर! त्यांच्या जागी बसायचं होतं मला, बाईंकडे गाणं आणि मास्तरांकडे पेटी शिकणाऱ्या पोरीला.

"बाईंनी काय सांगितलंय तुला?"

"काळी पाच."

"हं."

"सकाळपासून सगळी पदं पाचातच घोकतेय मास्तर. बोटं कामातनं गेलीत माझी."

मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं, हात दुखतोय. पण ते म्हणाले, "आज तीन द्यायची. काळी तीन."

मला वाटलं, इंजेक्शन चढलंय यांना.

"तीन? मास्तर, अहो—"

"हळू बोल."

ज्यांचा पेटीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. गाणाऱ्याचा 'सा' पेटीच्या ज्या पट्टीवर धरायचा, ती त्याची पट्टी. काळी पाच उंच. काळी तीन तिच्यापेक्षा चांगली चार घरं खाली. आणि आमच्या शरयूबाई माईणकर म्हणजे काळी पाच, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही संगीत नाटकवेड्याला अर्ध्या झोपेत विचारा. तरुणपणी त्या काळी पाचात वरचा सा लावायच्या आणि थिएटरच्या बाहेरचे टांगेवाले टांगे थांबवायचे, असं आमचे लोक सांगत. त्यात मीठमसाला किती ते देव जाणे.

"पाच जाऊन चौदा वर्षं झाली," मास्तर म्हणाले. "घशाचं ते मोठं दुखणं झालं ना, त्यानंतर गेली. मी आधी एक घर उतरलो, पांढरी सहा दिली. कळलं नाही. दोनेक वर्षांनी काळी चार. मग पांढरी पाच. आता तीन. म्हाताऱ्या माणसाला जिना उतरवतात ना, एकेक पायरी, हाताला धरून? तशी उतरवली."

"आणि बाईंना माहीत नाही?"

"नाही."

"मास्तर, कसं शक्य आहे? माझा सा केसभर हलला तरी शेजारच्या खोलीतनं ओरडतात त्या!"

"दुसऱ्याचं ऐकू येतं. स्टेजवर उभं राहिलं की माणूस स्वतःचं ऐकत नाही, लोकांचं ऐकतं. आणि रियाजाला तंबोरा लावून देतो कोण? मीच ना?" त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. हात गरम लागत होता. "कुंदा, ऐक. तिला कळता कामा नये. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी ती गाणं सोडेल. मी ओळखतो तिला."

मास्तर बाईंना नेहमी 'त्या' म्हणायचे. वीस वर्षं एका कंपनीत काढलेला माणूस, पण कधी 'अगं-तुगं' नाही. आज मात्र 'ती' आलं तोंडात. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच माझा हात सोडला आणि चादर नीट केली.

"पण त्या मला विचारतील—"

"विचारत नाहीत. आपण विचारायचं. 'किती, बाई?' त्या म्हणतील, 'काळी पाच.' आपण म्हणायचं, 'बरं.' आणि खाली येऊन तीन द्यायची. संपलं."

हे मी शंभरदा ऐकलं होतं. प्रत्येक प्रयोगाआधी मास्तर रंगपटाच्या दारात उभे राहायचे, आत यायचे नाहीत, आणि विचारायचे, "किती, बाई?" आतनं आवाज यायचा, "काळी पाच." मास्तर म्हणायचे, "बरं." आणि चपला वाजवत ऑर्गनकडे जायचे. मी मनात हसायचे. रोज तेच उत्तर, मग विचारायचं कशाला?

दवाखान्यातनं थिएटरपर्यंत मी चालत गेले. वाटभर उजव्या हाताची बोटं पदराआड मांडीवर फिरत होती. तीनातनं सगळी बोटं बदलतात. जिथं अंगठा पडायचा तिथं मधलं बोट येतं. पाचातनं सकाळभर पाठ केलेलं सगळं आता विसरायचं, आणि हातात दोन-अडीच तास.

त्यातनं आजचा प्रयोग साधा नव्हता. कोल्हापुरात एका ट्रस्टची संगीत नाटकाची शाळा निघणार होती. गाणं, अभिनय, तालीम बसवणं, सगळं शिकवायची. तिच्यावर प्रमुख म्हणून कोणाला घ्यायचं ते ठरवायला मुळगुंद सर आणि आणखी एक ट्रस्टी आज प्रयोगाला येणार होते. आमची कंपनी मोडकळीला आली होती हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. महिन्याला दोन प्रयोग, तेही अर्धे रिकामे. शाळा मिळाली तर बाईंचं म्हातारपण निभावणार होतं. आणि बाई मला म्हणाल्या होत्या, "मी गेले तर तुला मदतनीस म्हणून नेणार." नाहीतर मी कराडला परत, मामांनी बघून ठेवलेल्या स्थळापुढे चहाचा ट्रे घेऊन.

आणि हेच मुळगुंद सर महिन्यापूर्वी एका दुसऱ्या नटीबद्दल बोलताना चारचौघांत म्हणाले होते, "गळा गेलेली बाई पोरांना काय शिकवणार?" हे आमच्यापर्यंत पोचलं होतं. असलं कुठं लपून राहतं?

थिएटरात शिरले तर आमचे तबलजी बाबालालभाई रंगमंचापुढच्या खड्ड्यात, ऑर्गनशेजारी, तबले मांडून बसलेले. मिरजेचेच ते, तीन पिढ्या तबल्याच्या. त्यांच्यापुढे दोन तबले होते, एक लहान तोंडाचा, एक मोठ्या.

"कुठला चढवू बेटी?" हातोडी फिरवत त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्हाला माहितीय?"

"तबला सुरात लावतो कोण?"

"म्हणजे सगळ्यांना माहितीय? मलाच तेवढं नाही?"

"ज्याला माहितीय त्याला माहितीय. कोणी बोलत नाही." त्यांनी मोठ्या तोंडाचा तबला जवळ ओढला. "तीनच ना?"

"तीन," मी म्हणाले.

रंगपटाच्या दारात उभी राहिले. आत बाई आरशापुढे बसल्या होत्या. कपाळावर चंद्रकोर काढून झाली होती, हातात बांगड्या चढवत होत्या. साठीला टेकलेली बाई, पण रंग लावला की मानेचा ताठा असा यायचा की राणीच वाटावी. याच बाईंनी मला पहिल्या दिवशी वर्गातनं जवळजवळ हाकललं होतं. मी छाप पाडायला उंच पट्टी धरून गायले होते. गाणं संपायच्या आत त्यांनी तंबोरा खाली ठेवला. "कुणाला दाखवायला गातेस गं? उसना दागिना घालून मिरवल्यासारखं गातेस. आधी आपली पट्टी ओळखायला शीक, मग ये." मी रडत बाहेर आले होते. दुसऱ्या दिवशी परत गेले, खालच्या पट्टीत गायले, तर म्हणाल्या, "हं. आता बस."

"किती, बाई?" मी विचारलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

"काळी पाच."

आता 'बरं' म्हणायचं. दोन अक्षरं. पण मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. बाईंनी आरशातनं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"बरं," मी म्हणाले.

"मास्तरांकडे जाऊन आलीस?"

"हो."

"काय म्हणाले?"

अगं बाई! "म्हणाले... घाबरू नकोस म्हणाले."

"हं," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या हातात बांगड्या चढवायला लागल्या.

तिसरी घंटा झाली. खड्ड्यात बाईमाणूस बसलेलं बघून पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. "आता ऑर्गनवर पण बायका?" एकजण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. एरवी मी दिलं असतं उत्तर. पण माझं सगळं लक्ष तिसऱ्या रांगेत होतं. मुळगुंद सर येऊन बसले होते, पांढरी टोपी, मांडीवर हात. शेजारचा ट्रस्टी पान चघळत होता.

नांदी झाली. पडदा वर गेला. बाईंचा प्रवेश आला, वाक्य आलं, आणि मी डोळे मिटून तीनवर बोट ठेवलं.

बाईंनी सूर घेतला. क्षणभर मला वाटलं, आता थांबतील, आता खाली बघतील. नाही. गायला लागल्या, आणि काय गायल्या! भरलेला, गोल आवाज. मीच मध्ये एक सूर चुकले, बाबालालभाईंनी एक भुवई उचलली, बाकी कुणाला कळलंही नाही. पद संपलं आणि टाळ्या पडल्या. मुळगुंद सरांनी मान हलवली, मी बघितली ती मान. दुसरं पद, तिसरं पद, तीन, तीन. माझ्या बोटांना वाट सापडली. मी मनातल्या मनात मास्तरांना हात जोडले. चौदा वर्षं हा माणूस हे एकट्यानं करत होता!

मध्यंतरात रंगपटातनं बोलावणं आलं.

बाईंनी नेसवणाऱ्या मावशींना बाहेर काढलं. "दार लाव, कुंदे."

मी दार लावलं.

"शेवटच्या पदाला काळी पाच दे."

"हो बाई. पाचच देतेय—"

"माझ्याकडे बघ." मी बघितलं. रंगाखालच्या त्यांच्या डोळ्यांभोवती घाम जमला होता. "पाच दे. ती दुसरी नको."

"बाई, तुम्हाला... पण मास्तर म्हणाले—"

"मास्तर आज नाहीत."

"बाई, सर बसलेत समोर. पाया पडते तुमच्या. आत्तापर्यंत किती छान चाललंय!"

"मला ठाऊक आहे कोण बसलंय. जा आता, पाणी पी. तोंड बघ कसं झालंय."

बास. त्या आरशाकडे वळल्या आणि कुंकू नीट करायला लागल्या.

मी पाणीबिणी काही प्यायले नाही. थेट खड्ड्यात आले. "बाबालालभाई, त्या पाच मागतायत. त्यांना माहितीय! सगळं माहितीय! आता काय करू?"

बाबालालभाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग लहान तबला उचलून दुसऱ्याच्या शेजारी ठेवला. "दोन्ही मांडून ठेवतो. तू जो सूर देशील, मी मागनं येतो."

"म्हणजे सगळं माझ्याच डोक्यावर?"

"ऑर्गनवर तू बसलीयस ना बेटी?"

आमच्याकडची रीत अशी की पदाआधीचं शेवटचं वाक्य नट बोलत असतो, तेव्हाच ऑर्गनवाल्यानं हळूच सूर सोडायचा. लोकांना कळत नाही, पण गाणाऱ्याच्या कानात तो जातो. एकदा सुटला की सुटला, मग तो माघारी घेता येत नाही. तिसरा अंक सुरू झाला आणि मी ते वाक्य जवळ येताना ऐकत होते. पाच दिली तर आवाज फाटणार, मुळगुंद सर उठून जाणार, बाईंची शाळा गेली, माझं कराड आलं. तीन दिली तर बाई ओळखणार. चिडून स्टेजवरच थांबल्या तर? आणि न थांबता गायल्या तरी उद्यापासून माझं तोंड बघणार नाहीत. मास्तर म्हणतात तीन, बाई म्हणतात पाच. गुरू दोघंही!

खरं सांगते, मी तीनच देणार होते. बोट तीनवरच होतं.

तेवढ्यात राणीचं, म्हणजे बाईंचं, वाक्य आलं. नवरा युद्धावरून परत येणार नाही हे तिला कळतं, ते वाक्य. आणि ते संपायच्या आधी बाईंनी श्वास घेतला. तो श्वास मी ओळखला. वर्गात पोटावर थापट मारून मारून त्या तो आमच्याकडून करून घ्यायच्या, बेंबीच्या देठापासूनचा, बरगड्या उघडणारा. तीनात गायला इतका श्वास लागत नाही. त्या निघाल्या होत्या. मी दिली काय आणि न दिली काय, त्या पाचावर जाणार होत्या.

मी बोट उचललं आणि काळी पाच दिली.

बाबालालभाईंनी "या अल्ला" म्हणून लहान तबला पुढे ओढला.

पहिली ओळ आली. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. पातळ, झळझळीत, जरासा थरथरणारा. वर बाल्कनीत कुणीतरी "वाऽ" म्हणालं. त्या म्हाताऱ्यानं तो आवाज तरुणपणी ऐकलेला असणार. दुसरी ओळ आली. मी पायानं भाता दाबत राहिले. अंतरा आला. बाई वर चढायला लागल्या, पंचम, धैवत, जोगिया रागातला तो कोमल धैवत, आणि वरचा सा.

टेकला. देवाशपथ, टेकला.

आणि फाटला. जुनेर टर्रकन फाटावं तसा. नुसती हवा बाहेर आली, आवाजच नाही.

प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. मागनं एक शिट्टी आली आणि कुणीतरी शिट्टीवाल्याला "ए गप" म्हणालं. मुळगुंद सरांच्या शेजारचा ट्रस्टी त्यांच्या कानाला लागला. मी मात्र 'सा' दाबून बसले होते, बोट उचलायचंच सुचेना. माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं. गेली शाळा, मी म्हटलं. गेल्या बाई. आणि सूर माझ्या हातानं दिला.

बाई राणी होत्या, दोन पावलं पुढे आल्या. मग राणी राहिल्या नाहीत. रंगमंचाच्या अगदी कडेला, दिव्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या, पदरानं ओठ टिपले, आणि खाली बघून, घरात हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या,

"कुंदे, काळी तीन दे."

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. गाणाऱ्यानं भर प्रयोगात पट्टी उतरवून मागायची, तीही लोकांदेखत! नटाच्या तोंडून असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी अजून पाचच दाबून बसले होते. बाबालालभाईंनी मोठा तबला पुढे घेतला, एक टिचकी मारून बघितली आणि मला कोपरानं ढोसलं. "दे ना बेटी. मागतायत त्या."

मी काळी तीन दिली.

बाईंनी पद पहिल्यापासून धरलं. काही दाखवायचं नव्हतं आता. एकही हरकत जास्तीची नाही, एकही तान लोकांसाठी नाही. नवरा परत न येणारी बाई जशी बोलेल तशा त्या गायल्या. अंतऱ्याला वरचा सा आला आणि तो असा लागला, अगदी सहज, जसा आपण ओळखीच्या घरात पाऊल टाकतो. त्यावर त्या थांबल्या, थांबल्याच. मग हळूहळू उतरल्या.

वन्समोअर कुणी आधी म्हटलं ते मला कळलं नाही. बाल्कनीतनं आला असावा. मग सगळीकडनं आला. पहिल्या रांगेतले ते कोपरानं ढोसणारे उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी हात जोडले, अंतरा परत म्हटला, तीनातच.

प्रयोग संपल्यावर मुळगुंद सर रंगपटात आले. मी दाराशी चिकटून उभी होते. ट्रस्टी पान थुंकून मागनं आला आणि त्यानंच आधी तोंड उघडलं. "मध्ये घसा बसला होता वाटतं, बाई?"

"बसला नव्हता," बाई म्हणाल्या. "ती पट्टी गेली माझी. चौदा वर्षं झाली."

ट्रस्टीनं मुळगुंद सरांकडे पाहिलं. मुळगुंद सर टोपी काढून हातात फिरवत होते. "लोकांसमोर पट्टी उतरवून मागितलीत. कमीपणा नाही वाटला?"

"वाटला की. अजून वाटतोय."

"मग?"

"मग काय? पद पुरं करायचं होतं."

मला वाटलं, झालं, आता नमस्कार करून जातील. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली. "कोल्हापुरात तुम्हाला घर बघावं लागेल," ते म्हणाले. "शाळेच्या जवळच बघा. सकाळी सातला वर्ग भरतील."

बाई खाली बसल्या. मी दाराबाहेर जाऊन पदर तोंडात कोंबला.

संध्याकाळी भेटायच्या वेळात आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. बाईंच्या कानामागे अजून रंग राहिला होता. मास्तर उशाला टेकून बसले होते. मला बघितल्याबरोबर त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, दिलीस ना? मी खाली बघितलं.

बाईंनी स्टूल ओढलं. "मास्तर, शेवटचं पद आज पाचात म्हटलं."

मास्तर उशीवरून पुढे झाले. "कुंदा!"

"तिला काही बोलू नका. मी मागितली."

"आणि?"

"फाटली."

"लोकांसमोर?"

"लोकांसमोर. मग तीन मागितली. मोठ्यानं."

शेजारच्या खाटेवरचे आजोबा घोरायचे थांबले. मास्तर चादरीच्या काठाकडे बघत होते. "म्हणजे तुम्हाला..."

"साताऱ्याला पांढरी सहा दिलीत, त्या दिवसापासून माहितीय."

"मग बोलला का नाहीत? चौदा वर्षं!"

"तुम्ही इतकं जपून, गुपचूप करत होतात. मी बोलले असते तर तुम्हाला तोंड लपवावं लागलं असतं. आणि मला पण." बाईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "तुम्ही समोर असताना पाच मागितली असती तर तुम्ही दिली नसती. म्हटलं, आज मास्तर नाहीत, एकदा बघू या. आहे की गेली. उद्या पोरींपुढे बसून त्यांना म्हणायचं, आपली पट्टी ओळखा. कुठल्या तोंडानं म्हणू?"

मास्तरांनी डाव्या हातानं डोळे पुसले. "फार फाटली?"

"फार."

"वरच्या सा-वर?"

"टेकला होता हो मास्तर. क्षणभर टेकला होता."

"खरं?" मास्तरांनी माझ्याकडे बघितलं.

"देवाशपथ," मी म्हणाले. "मी ऐकला."

त्यावर मास्तर हसले आणि हसता हसता परत डोळे पुसायला लागले. बाई खिडकीकडे बघत राहिल्या. कोल्हापूरचं त्यांनी सांगितलं, पण ओझरतं, जाता जाता. मास्तर म्हणाले, "माझ्याशिवाय तंबोरा कोण लावणार तिथं?" बाई म्हणाल्या, "तुम्हीच. दुसरं काम काय आहे तुम्हाला?"

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. नर्स दारातनं ओरडली. आम्ही उठलो.

"पुढच्या रविवारी इचलकरंजीला प्रयोग आहे," मास्तर म्हणाले. "माझा हात काही बरा होत नाही. कुंदाच बसेल." आणि मग सवयीनं, प्लास्टरचा हात सावरत, रंगपटाच्या दारात उभे असल्यासारखं त्यांनी विचारलं, "किती, बाई?"

बाईंनी पदर खांद्यावर घेतला.

"काळी तीन."

मास्तरांनी चादर नीट केली.

"बरं," ते म्हणाले.